कागद धरायला कुणीतरी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. मुरुड

आलो एकदाचा. नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड, आणि स्टँडवरून बार्शी रस्त्यानं दोन किलोमीटर रिक्षा. तेवढ्या वाटेत रिक्षावाल्यानं माझं गाव, पगार आणि शुगर तिन्ही विचारून घेतलं. बरं वाटलं. घरी इतकं कुणी विचारत नाही.

काम मजेचं आहे. विरूपाक्षअप्पांच्या बंद पडलेल्या ऑईल मिलच्या शेडमध्ये एक विलायती गाडी उभी आहे. अप्पा स्वतः हैदराबादला असतात. त्यांना तिची विंटेज म्हणून नोंदणी करून ती प्रदर्शनात न्यायची आहे. चोवीस तारखेला तपासणीला कमिटी येणार. त्याआधी गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला चासी नंबर वाचायचा, त्यातल्या एकेका आकड्याचा अर्थ लावायचा, जुन्या कागदांशी मेळ घालायचा आणि फाईल तयार ठेवायची. सव्वीस वर्षं मी विमा कंपन्यांसाठी गाड्यांचा सर्व्हे केला. चोरीच्या पाहिल्या, जळालेल्या पाहिल्या, पुरात वाहून गेलेल्या पाहिल्या. माझ्यापेक्षा वयानं मोठी गाडी मात्र पहिल्यांदाच.

राहायला वजनकाट्याची खोली दिली आहे. खाट, टेबल, पंखा. भिंतींना अजून करडईच्या तेलाचा वास येतो. डबा कस्तुराबाई आणून देतात, मिलच्या मागंच त्यांचं घर. पहिल्याच डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीनं डोळ्यांतून पाणी काढलं.

समीक्षाला फोन केला. माझी मुलगी, नांदेडला बँकेत आहे. आई गेल्यापासून ती माझीच आई झाली आहे. वेळेवर जेवा, गोळ्या घ्या, आणि एकोणीसला नक्की निघा, म्हणाली. वीस तारखेला तिच्या आईचं, म्हणजे माझ्या महामायाचं, दुसरं पुण्यानुमोदन. भन्तेंना तिनंच सांगून ठेवलं आहे. निघतो म्हणून शब्द दिला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी पाहिली. काळी, लांबलचक, छप्पर उंच. पुढं दोन सीटा, त्यांच्यामागं लाकडी आडभिंत आणि तिच्यात वीतभर काच. मागं एक लांब रिकामी खोलीच म्हणा. दोन्ही बाजूंना मोठ्या काचा, पडद्यांच्या पितळी कड्या अजून लटकलेल्या. मागच्या दाराला आतून कडी नाही. 'दुरुस्ती बाकी' असं वहीत टिपलं. अप्पा सांगतात, कुणा बड्या माणसाची शिकारीची गाडी असणार, मागं सामान टाकायला जागा ठेवलेली.

नंबर सापडला तो अडचणीच्या जागी. पुढच्या सीटमागची फळी उचलली की खाली चासीची पट्टी दिसते, तिच्यावर ठोकलेला. पण वरून आडभिंत गेल्यामुळं अर्धा नंबर पुढं आणि अर्धा भिंतीखालून मागच्या बाजूला. नंबरचा छाप घ्यायची रीत सोपी आहे. पातळ कागदाची पट्टी आकड्यांवर ठेवायची आणि वरून पेन्सिल आडवी फिरवायची, आकडे पांढरे उमटतात. फक्त एकानं कागद ताणून धरायचा आणि दुसऱ्यानं पेन्सिल चालवायची. एकट्याचं हे काम नव्हे. सेलोटेप तेलकट लोखंडाला चिकटत नाही. दगड ठेवून पाहिला, पट्टी सरकली. पाच छाप घेतले आणि पाचही फरपटले.

रविवारी सर्व्हे असला की मी महामायाला मोटरसायकलवर मागं बसवून न्यायचो. कागद ती धरायची. उजव्या अंगठ्यानं कोपरा असा दाबायची की पट्टी इंचभर हलत नसे. अंगठ्याला विळीची जुनी खूण, आडवी. काळं झालेलं बोट कोपऱ्यावर उमटायचं, आणि ती म्हणायची, हा माझा पगार. तसली एक पट्टी मी या वहीच्या कव्हरात ठेवली आहे. दोन वर्षांत काढून पाहिली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नंबर अर्धवट का होईना वाचला. ७ आर ५१ व्ही २०६ आणि शेवटी दोन आकडे, ते पुसट.

त्या काळी आतासारखा सतरा अक्षरी नंबर नसे, प्रत्येक कारखान्याचा आपला हिशोब. हा कारखाना कधीच बंद पडला. हैदराबादच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाकडं त्याची यादी आहे, तो एकेक पान फोटो काढून पाठवतो. फारच सावकाश पाठवतो. आतापर्यंत एवढं लागलं: ७ म्हणजे इंजिन, आर म्हणजे उजव्या हाताचं स्टेअरिंग, बाहेरदेशी पाठवायला केलेलं. ५१ साल. २०६ म्हणजे त्या वर्षी तयार झालेली दोनशे सहावी गाडी. व्हीचं पान यायचं आहे. मी आपला व्हॅन समजून चाललो आहे.

जुन्या कागदांत मात्र घोळ. १९५३ चा मुंबई बंदरातला आयातीचा कागद, १९७१ ची नोंद आणि १९९४ चं प्रतिज्ञापत्र. नंबर तिन्हीत तोच, फक्त शेवटचे दोन आकडे एकात १५, एकात १६, एकात १७. कारकुनांची कमाल आहे. एकालाही धड उतरवून घेता आलं नाही. खरा आकडा मी काढतो.

दिवसभर कुणाशी बोललो नाही. कस्तुराबाई डबा कट्ट्यावर ठेवतात आणि हाक मारून जातात.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज छाप निघाला. स्वच्छ. इतका की मीच दोनदा पाहिला.

सकाळी दहाला पट्टीचं एक टोक आडभिंतीखालून मागं सरकवलं, माझं टोक डाव्या हातात धरलं आणि पेन्सिल टेकवली. पट्टी ताणलेली होती. मागून. मी हलकेच ओढून पाहिली, ती परत ओढली गेली, जरा नेट लावून. मी पेन्सिल फिरवली. एका दमात सगळे आकडे उमटले. मग पट्टी सैल पडली.

७ आर ५१ व्ही २०६ १८.

पलीकडच्या कोपऱ्यावर अंगठा उमटला आहे. काळा, तेलकट, दाबून धरलेला.

आम्ही भूतबित मानत नाही. आत्माही मानत नाही. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत आणि समीक्षालाही मीच पाठ करून घेतल्या. तरी पट्टी हातात घेऊन मी अर्धा तास तिथंच बसलो, आणि खोटं कशाला लिहू, मला भीती वाटली नाही. दोन वर्षांनी काम करताना समोर कुणीतरी होतं. कव्हरातली जुनी पट्टी काढून शेजारी ठेवून बघावी असं मनात आलं. ठेवली नाही. गरजच वाटली नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

कालही छाप घेतला, आजही. फाईलला तीन पुरतात. माझ्याकडं आता अकरा आहेत.

काम करताना बोलत असतो. समीक्षाला प्रमोशन मिळणार आहे, तुझी तुळस वाळली, माझ्याकडून पाणी घालायचं राहिलं, असलं काहीबाही. उत्तर येत नाही. पट्टी मात्र धरलेली असते.

आज डबा जड लागला. कस्तुराबाईंना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, "बाई आल्यात म्हणून चार भाकरी जास्तीच्या टाकल्या. तुमचं बोलणं ऐकू आलं, काचंतून मागं कुणीतरी बसलेलं दिसलं."

सांगायला हवं होतं की कुणी आलेलं नाही. नाही सांगितलं. चारही भाकरी खाल्ल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

व्हीचं पान आलं. व्ही म्हणजे शववाहिका.

आधी हसलो. अप्पांची शिकारीची गाडी. तिच्या पुढच्या सीटवर बसून मी पेरू खाल्ले आहेत. मग मागच्या दाराची कडी आठवली. कडी मोडलेली नाही, ती बसवलेलीच नव्हती. मागं ज्याला ठेवायचं त्याला दार उघडायचं काम पडत नाही.

आता ते लिहूनच टाकतो. महामाया नांदेडला दवाखान्यात वारली. तिथून तिला हिमायतनगरकडच्या आमच्या गावी न्यायचं होतं. शववाहिकेत मागं ती आणि एक बाकडं. समीक्षा आधीच गावी पोचली होती. मागं बसायला मीच होतो. मी पुढं बसलो. ड्रायव्हरला रस्ता दाखवायला कुणीतरी पुढं हवं, असं सगळ्यांना सांगितलं. भोकरवरून रस्ता सरळ आहे. ड्रायव्हर किनवटचा होता, दिवसाआड तिकडून जायचा. मला तिच्याशेजारी बसायची भीती वाटली, एवढंच खरं. दीड तास ती मागं एकटी होती. प्रत्येक खड्ड्याला बाकडं वाजायचं आणि मी मान वळवली नाही.

हे समीक्षाला माहीत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

समीक्षाचा फोन. एकोणीसला कदाचित जमणार नाही, काम अडलं आहे, म्हणालो. काम अडलेलं नाही. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही जिवंत माणसाला भेटायला येऊन राहिले का न्हाई, तेवढं सांगा." मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. पोरीच्या तोंडून असं कधी आलं नव्हतं. लागलं.

तिला काय सांगू? तिची आई इथं आहे असं?

यादीचं शेवटचं पानही आलं. शेवटचे दोन आकडे कारखान्यात ठोकतच नसत. त्या दोन जागा कोऱ्या ठेवून गाडी बाहेर पडायची. पुढं त्यात काय मोजायचं ते ज्याच्याकडं गाडी त्याचं तो ठरवणार.

म्हणजे कारकून चुकले नव्हते. १५, १६, १७. त्यांना तेच दिसलं. मला १८ दिसतात.

लोखंडावर बोट फिरवून पाहिलं. नव्यानं ठोकल्याची खूण नाही. सगळे आकडे सारखेच जुने, सारखेच गंजलेले.

१६ नोव्हेंबर, रविवार

१९९४ चं प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचलं. मल्लिनाथ नावाच्या मुनीमानं केलेलं. कस्तुराबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लई गरीब माणूस, बायको-लेकरं कुणी न्हाई, दिवसभर गाडीपाशी बसून एकटाच बोलायचा. एक दिवस शेडबाहेर चपला ठेवून गेला तो गेलाच. कुणी काशीला गेला म्हणालं, कुणी आणखी कुठं. शोधायला घरचं कुणी नव्हतंच.

अप्पांना फोन लावून एकाहत्तरच्या माणसाचं विचारलं. ते हसले. या गाडीच्या कामाला माणूस टिकत नाही, तेव्हाचाही फाईल अर्धी टाकून गेला, तुम्ही तेवढं करू नका, म्हणाले.

तीन कागद. तीन माणसं. दर माणसामागं एक आकडा वाढलेला.

आज छाप घ्यायला गेलो नाही. दिवस जाता जाईना. खोलीत पंख्याचा आवाज आणि मी. चार वाजता उठून गेलोच. कागद सरकवला. धरलेला होता. सकाळपासून कुणी वाट पाहत असावं, तसा लगेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ठरवलं. उद्या निघायचं. अकराची लातूर गाडी. बॅग भरली. समीक्षाला सांगितलं, आवाजच बदलला तिचा. बेसन करून ठेवते म्हणाली.

फाईल पूर्ण आहे. परत यायचं नाही, अप्पांना नांदेडहून कळवेन.

शेडमध्ये गेलो नाही. दार लावून घेतलं आहे. पण —

ती पुन्हा एकटीच मागं राहणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी नऊ

बॅग कट्ट्यावर ठेवली आहे. गाडीला दोन तास आहेत.

ही वही घेऊन पाच मिनिटं मागं बसून येतो. पुढं नाही, मागं. तेवढंच राहिलं होतं. दाराला वीट लावतो म्हणजे मिटणार नाही. मी काही खुळा नाही.

१९ नोव्हेंबर

चपला बाहेर काढल्या. तिच्याजवळ जाताना चपला कशा घालायच्या.

आत बसलो. कुणी नव्हतं. तरी बोललो सगळं. रस्ता सरळ होता, मीच भ्यालो, असं सांगितलं. रडलो. हलकं वाटलं.

दार मिटलेलं आहे. वीट बाहेर जागच्या जागी दिसते, काचेतून. तरी मिटलेलं आहे.

अकरा वाजून गेले.

कस्तुराबाई आल्या. डबा ठेवला. हाक मारली. मी काच वाजवली, दोन्ही हातांनी वाजवली. त्यांनी इकडं पाहिलं. कट्ट्यावरची बॅग पाहिली. गेल्या.

फोन खोलीत —

१९ किंवा २०

कव्हरातली पट्टी काढली. महामायाची. आणि वहीत राहिलेला रविवारचा छाप. शेजारी ठेवले.

सव्वीस वर्षं हेच काम केलं, दोन छाप शेजारी ठेवून बघायचं. हाच एक बघितला नाही.

हा अंगठा मोठा आहे. विळीची खूण नाही. बाईचा अंगठाच नाही.

महामाया इथं कधीच नव्हती.

मल्लिनाथ. त्यानं मला धरलं. त्याला त्याच्या आधीच्यानं धरलं असेल. बिचारे. वाईट म्हणून धरत नसावेत. एवढ्या दिवसांनी कुणीतरी येतं, बोलतं, कागद पुढं सरकवतं —

तो आता नाही. मी आत आलो तेव्हाच सुटला बहुतेक. इथं मी एकटा.

इथून आकडे दिसतात, भिंतीखालचे. बोट लावून पाहिलं. १९.

तारीख कळत नाही. उजेड आहे

समीक्षा आली आहे.

शेडच्या दारात उभी. आधी चपला पाहिल्या तिनं. उचलून छातीशी धरल्या. कस्तुराबाई सांगून राहिल्या, बाईसंगं गेले असतील, बाई आल्या होत्या. समीक्षा म्हणाली, माझी आई दोन वर्षांमागं वारली.

काचेला डोळे लावून आत पाहिलं. माझ्याकडंच. तिचा श्वास काचेवर उमटला. मी आतून हात ठेवला. ती बाजूला झाली.

पुन्हा आली. आज एकटीच. हातात माझी फाईल. कानाला फोन, अप्पांचा असणार. हो म्हणून राहिली. कमिटीला आजच्या तारखेचा एक छाप हवा आहे. माझं अर्धं राहिलेलं काम नको म्हणून ती —

नको.

ओरडलो. घसा फुटेपर्यंत.

फळी उचलली तिनं. पेन्सिल कानामागं. माझ्यासारखीच.

पट्टी भिंतीखालून आत आली. माझ्या गुडघ्यापाशी. कोरी.

धरायची नाही. काही झालं तरी धरायची नाही. धरली नाही तर छाप फरपटेल, ती कंटाळून नांदेडला जाईल. बँकेत जाईल. प्रमोशन. लग्न करेल. मला विसरेल. विसरू दे.

एक फरपटला. दुसरी पट्टी आत आली. सरकली. फाटली.

तिसरी.

रडते आहे. आवाज न करता, आईसारखी. बोटं काळी झाली आहेत. कुणी नाही तिच्याजवळ. एकाही माणसाला सोबत आणलं नाही पोरीनं.

"पप्पा, धरा की जरा," म्हणाली. मला नाही. स्वतःशीच. लहानपणी पतंगाचा कागद चिकटवताना म्हणायची, तसं.

नाही. हात मांडीखाली घेतले आहेत. समीक्षा, जा. बाळा, जा इथून.

पट्टी सरकते आहे. कोपरा वर आला. एकदाच, एवढा एकच छाप नीट निघाला तर ती लगेच जाईल, तिला कळणारही नाही कुणी धरला ते, एकदाच नुसता अंगठा —